बाबांच्या गाठीवर मायची गाठ

माझे वडील कारंज्याच्या कापूस बाजारात गाड्या बांधायचे. गाडी भरणारी माणसं वेगळी, चालवणारा वेगळा, आणि भरलेल्या ट्रकवर ताडपत्री ओढून दोरानं सगळं ओझं आवळायचं काम बाबांचं. आता कुणाला सांगितलं तर म्हणतात, त्यात काय एवढं, दोरी तर बांधायची. ज्याला असं वाटतं त्यानं एकदा कापसानं फुगलेला ट्रक बांधावा आणि खड्ड्याखुड्ड्यांतून तसाच्या तसा पोचवून दाखवावा. बाबा ट्रकच्या चाकाशी पाय रोवत, दोर खांद्यावर घेत आणि अख्खं अंग मागे टाकून ओढत. दोर पुरता ताणला गेला की त्यांच्या तोंडून एक "हुं" निघे. तो ऐकला की ड्रायव्हर आपल्या जागेवर चढून बसायचा, दोराला हात लावून पाहायचासुद्धा नाही. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा हे कितीदा तरी पाहिलं आहे. बाप काय काम करतो असं शाळेत विचारलं की मी छाती काढून सांगायची, बाप गाड्या बांधते. पोरी हसायच्या. हसू देत.

आमचं घर गावाच्या शेवटच्या ओळीत होतं, कारंज्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. मातीच्या दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक कडुलिंब आणि त्याला बांधलेली शेळी. पहाटे मायच्या भाकरीचा आवाज मला उठवायचा. काठवटीत ज्वारीची भाकर थापताना तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजायच्या, आणि तव्यावर भाकर पडली की तेवढ्यापुरत्या थांबायच्या. बाबा संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांत, कानांत, मिशीत कापूस अडकलेला असायचा. माय म्हणायची, "म्हातारे होऊन आले का आज?" आणि पदरानं त्यांच्या भुवया पुसायची. आमच्या घरात नवरा-बायकोचं लाडाचं बोलणं म्हणून काही असेल तर ते एवढंच होतं. पण ते रोज होतं. कधी बाबा मुद्दाम तोंड न धुता यायचे असं मला आता वाटतं.

माझ्या पाठीवर माझा भाऊ गजू झाला, तो आठ वर्षांनी. मधली दोन लेकरं पोटातच गेली होती. त्यामुळे गजू म्हणजे घरातला देवच. त्याचं जावळ तीन वर्षं काढलं नव्हतं. केस इतके वाढले की माय त्याची वेणी घालायची, लाल फीत बांधायची, आणि तो ती फीत सोडून शेळीच्या शिंगाला बांधायचा. बाबांचं पाहून त्यालाही बांधायचा नाद लागला होता. तांब्याला सुतळी, खाटेच्या पायाला चिंधी, माझ्या वेणीला दावं. बांधून झालं की तोंड फुगवून "हुं" करायचा. बाबांना ते इतकं आवडायचं की ते पाहुण्यांसमोर त्याला दोरी द्यायचे.

बाबांची एक गोष्ट गावाला पटत नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असो की कुणाच्या बैलगाडीत, लहान लेकरू असलं की ते त्याला बांधत. खाटेची जुनी रुंद नवार त्यांनी धुऊन, गुंडाळून ठेवली होती. ती लेकराच्या कमरेवरून आणि दोन्ही खांद्यांवरून घ्यायची आणि मागे ट्रॉलीच्या कडीला बांधायची. मलाही त्यांनी तसंच बांधून नेलं होतं. बायका हसत. "भौ, लेकराले कायले बांधून राह्यले, थो का कापूस हाये?" बाबा मान वर न करता म्हणत, "कापूस पडला तं उचलता येते." न बांधलेलं ओझं वळणावर कुठे जातं हे ते रोज पाहत होते. त्यांना ते समजावून सांगावं लागत नव्हतं, आणि सांगायला त्यांच्याकडे शब्दही नव्हते.

ती गाठ त्यांच्या कामातली होती. ओझ्यानं कितीही ओढ घेतली तरी ती उलट जास्त आवळायची, पण एक शेपूट बाहेर ठेवलेलं असायचं, ते ओढलं की एका हिसक्यात सगळी मोकळी. लेकराला बांधताना ते शेपूट पाठीमागे खोचत, त्याचा हात पोचणार नाही असं. ते कसं ओढायचं हे त्यांनी एकट्या मला शिकवलं होतं. "गाडी उलटली, पानी शिरलं, आग लागली, तं पोट्टं सोडता आलं पाह्यजे. मी जवळ असन नसन. तू असशीन." अकरा वर्षांच्या पोरीवर बापानं एवढा भरवसा टाकला, त्याचा मला केवढा ताठा होता. मी खाटेच्या पायावर शंभरदा ती गाठ सोडून पाहिली असेल.

आता माझी लेक शुभदा पुण्याहून गाडी घेऊन येते तेव्हा मागच्या सीटवर नातवाची वेगळी खुर्ची असते. विहान तीन वर्षांचा आहे. त्याला त्या खुर्चीत बसवायचं, दोन्ही खांद्यांवरून पट्टे घ्यायचे आणि पोटाशी टक असा आवाज येईपर्यंत दाबायचे. शुभदा तो आवाज आल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. मागच्या गल्लीतली एक बाई तिला म्हणाली, "मांडीवर घे ना वं, रडून राह्यला थो." शुभदा काही बोलायच्या आत मीच त्या बाईला असं काही बोलले की शुभदानं मला गाडीत ओढून दार लावलं. माझ्या जिभेला हाड नाही हे खरंच आहे. मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्या काळात कितीतरी ऑटोवाल्यांशी भांडले. पोरं बाहेर लोंबत असली की मी रस्त्यात आडवी उभी राहायची. शुभदा लहान असताना तिच्या वडिलांच्या गाडीवर मी तिला ओढणीनं स्वतःशी बांधून घ्यायची. गावात मला "गाठोडेवाली मॅडम" म्हणत. म्हणोत बापडे. काहून करते हे मी कुणाला सांगितलं नाही. ते आता सांगते.

गजूचं जावळ आमच्या देवीच्या ठाण्यावर काढायचं ठरलं. ठाणं रानात, गावापासून तासाभराच्या वाटेवर. एका बागायतदाराचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळाली. बाबांची बहीण, माझी कौसाआत्या, दोन दिवस आधीच जऊळक्याहून एस्टीनं आली. तिला मूलबाळ नव्हतं. गजूसाठी तिनं हिरव्या मखमलीची टोपी शिवून आणली होती, काठाला टिकल्या लावलेली. ती आली की घरात वेगळाच आवाज यायचा, कारण ती सतत बोलायची, शेळीशी सुद्धा. जावळ उतरवताना केस आत्याच्या पदरात पडायचे असतात. म्हणजे तो दिवस तिचा. तिचा शब्द त्या दिवशी मोडायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना न सांगता माहीत होतं.

जाताना बाबांनी गजूला नेहमीसारखं ट्रॉलीच्या पुढच्या कडीला बांधलं. आत्याच्या कपाळाला आठी पडली. "दादा, आजच्या दिशी?" बाबा म्हणाले, "बाई, तू यात पडू नोको." ती गप्प बसली, पण वाटभर तोंड फुगवून होती. ठाण्यावर चार दगड मांडून गोवऱ्यांचा हार, म्हणजे रचलेला ढीग, पेटवला. त्यात कणकेचे रोडगे भाजायला टाकले, मोठ्या गंजात तुरीचं वरण, दुसऱ्यात वांग्याची भाजी. गोवऱ्यांचा धूर, तुपाचा वास, बायकांची गाणी. गजू आमच्या मामाच्या मांडीवर बसला आणि पहिला वस्तरा लागताच असा ओरडला की ठाण्याच्या झाडावरची पाखरं उडाली. आत्या समोर पदर पसरून बसली होती. एकेक बट पदरात पडत होती आणि ती रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम. केस गेल्यावर त्याचं डोकं इतकं लहान दिसायला लागलं की मी मायला म्हटलं, "हा आपला गजूच हाये ना?" मायनं त्या डोक्याला हळद लावली, कुंकवाचं सातियं, स्वस्तिक, काढलं आणि वर आत्याची टोपी घातली. त्यानं सुतळीचा तुकडा मागितला. दिला तर तो टोपीलाच बांधायला निघाला.

जेवणं आटोपून निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माय मागच्या फाळक्याशी उरलेल्या वरणाचा गंज सांभाळत बसली, कारण तो सांडला तर सगळ्यांचे कपडे जातील. भावकीतल्या बायका तिच्याभोवती गाणी म्हणत, मी आणि आत्या पुढे, भांड्यांच्या आड. बाबांनी गजूला बांधलं, ओढून पाहिलं, "हुं" केलं, आणि ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले, पाठ आमच्याकडे करून. गजू रडायला लागला. भादरलेल्या डोक्याला वारा झोंबत असेल, नवार काचत असेल, झोप आली असेल, काय की. तो रडत होता आणि आत्याकडे हात पसरत होता. आत्याला ते बघवेना.

"मंदे, सोड त्याले," ती म्हणाली.

"बाबा रागावतीन."

"मी सांगीन तुह्या बापाले. आज ह्याच्या डोक्यावर अक्षता पडल्या. शुभाचा दिस हाये. जित्या लेकराले असं आवळून नेतात का वं? बांधून कोनाले नेतात, तुले माहीत नाई का?" आणि मग आवाज खाली आणून, "तिरडीवर बांधतात, पोरी. तिरडीवर. सोड त्याले. माह्या मांडीवर बसन थो."

मी बाबांच्या पाठीकडे पाहिलं. ट्रॅक्टरच्या आवाजात हाक त्यांच्यापर्यंत गेली नसती, पण मी हाक मारलीही नाही, हे मी लपवणार नाही. तिरडी हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आपण बांधून ठेवलं आणि काही वाईट झालं तर, हे माझ्या मनात आलं. शिवाय रडणं थांबावं असंही वाटत होतं. आणि मला ती गाठ सोडता येत होती, एकटीलाच येत होती. मी हात मागे घातला, शेपूट सापडलं, ओढलं. एका हिसक्यात सुटली.

गजू आत्याच्या मांडीवर गेला आणि लगेच हसायला लागला. थोडा वेळ सगळं छान होतं. मग डाव्या हाताला हरभऱ्याच्या शेतातून हरणं निघाली, काळविटांचा एक मोठा कळप. आमच्या भागात ती कायमची आहेत, पण अशी ट्रॉलीच्या बरोबरीनं उड्या मारत पळताना कधी कधीच दिसतात. सगळ्या बायका तिकडे वळल्या. "पाह्य गजू, हरनं पाह्य," मीच म्हटलं. तो पाहायला आत्याच्या मांडीवर उभा राहिला. आत्याचे दोन्ही हात त्याच्या कमरेला होते, हे मी पाहिलं होतं. मग नाल्याच्या मोरीवरच्या खड्ड्यात ट्रॉलीचं चाक आदळलं, आत्यानं झडप घातली आणि तिच्या हातात नुसती हिरवी टोपी राहिली.

चाकाचं मी लिहिणार नाही. त्या वेळी पाहिलं तेवढं पुरे झालं.

बाबा ट्रॅक्टरवरून उडी टाकून मागे धावले. मायच्या हातून वरणाचा गंज सुटला तो सगळ्या ट्रॉलीत पसरला. मग काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पण एक गोष्ट सलग आठवते. गजूला मायच्या मांडीवर ठेवून बाबा ट्रॉलीत चढले. कडीला नवार लोंबत होती. त्यांनी ती हातात घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून फिरवली. कुठे फाटली आहे का ते पाहत होते. कुठेच फाटली नव्हती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून फिरवली. ती गाठ सुटली की मागे काही राहतच नाही, वळसुद्धा नाही, नुसती सपाट नवार. ते आत्याकडे पाहत म्हणाले, "अशी कशी?" आत्या टोपी छातीशी धरून बसली होती. तिचं तोंड दोनदा उघडलं. मग ती म्हणाली, "गाठ सुटली, दादा."

खोटं नव्हतं ते. गाठ सुटली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि मी बोलले नाही.

इतक्या लहान लेकराला तिरडी लागत नाही. बाबांनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि चालत शेताच्या धुऱ्याकडे, बांधावर पुरायला नेलं. शेवटीसुद्धा त्याला कुणी बांधलं नाही. त्या संध्याकाळी आत्यानं मला न्हाणीच्या आड नेलं, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तू काही बोलू नोको. मी सांगीन. मी मोठी हाये, मी सांगीन त्याले." मी वाट पाहत राहिले. दिवसकार्य झालं तशी ती जऊळक्याला गेली आणि त्यानंतर आमच्या घरी फक्त दोनदा आली, दोन्ही वेळा एस्टीच्या वेळेकडे डोळे लावून. बाबांना वाटायचं, बहिणीनंही आपल्याला माफ केलं नाही. ते भाऊबीजेला तिच्याकडे जायचे, तर ती पाटावर बसवून ओवाळायची आणि त्यांच्याकडे पाहायची नाही. ती न सांगताच वारली. तिच्यावर मी राग धरत नाही. धरला तर तो आधी माझ्यावर धरावा लागेल.

तेराव्या दिवसानंतर बाबा बाजारात गेले. कापसाचा ट्रक भरून उभा होता. त्यांनी दोर टाकला, ओढला, गाठ मारली. ड्रायव्हर चढून बसला. बाबांनी त्याला थांबवलं, गाठ सोडली, पुन्हा मारली. पुन्हा थांबवलं. असं चार-पाचदा झाल्यावर ड्रायव्हरनं खाली उतरून त्यांचा हात धरला. हे मला बाजारातल्या एका माणसानं फार उशिरा सांगितलं. त्या दिवसापासून बाबांनी गाडी बांधली नाही. ज्या माणसानं बांधलेली गाडी कुणी तपासत नव्हतं, तो पाठीवर धान्याची पोती वाहायला लागला. संध्याकाळी यायचे तेव्हा पाठीचं हाडन्हाड दुखत असे, आणि भुवयांत कापूस नसायचा. मायला पुसायला काही उरलं नव्हतं.

मायनं त्यांना कधी एका शब्दानं दोष दिला नाही. लोकांनी विचारलं तर म्हणायची, नशीब. पण एक गोष्ट तिनं सुरू केली. बाबांनी शेळीला बांधलं की ती उठायची, खुंटीशी जायची, आणि त्यांच्या गाठीवर आपली एक गाठ मारायची. पहिल्यांदा तिनं ते केलं तेव्हा बाबा तिथेच उभे होते. मग ते रोजचंच झालं. विहिरीच्या बादलीचा दोर, कडब्याची पेंढी, माझ्या शाळेच्या पिशवीचा तुटलेला बंद, बाबांच्या हातून जे जे बांधलं जाई त्याच्यावर मायची दुसरी गाठ. भांडण नाही, टोमणा नाही. बाबा बांधून झाले की बाजूला सरायचे, तिला जागा करून द्यायचे. हे मी लग्न होऊन जाईपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा पाहत होते, आणि दर वेळी मला बोलता आलं असतं. दर वेळी. आज सांगते, उद्या सांगते, परीक्षा झाल्यावर सांगते, लग्न झाल्यावर सांगते. जितका उशीर झाला तितका गुन्हा मोठा व्हायला लागला, आणि मी काही शूर नव्हते. ऑटोवाल्यांसमोर आडवी उभी राहणारी बाई ती, पण ह्या एका गोष्टीपुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

सहा वर्षांपूर्वी माय वाशीमच्या दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात पडून होती. मी तिच्या उशाशी बसले होते, बाबा बाहेर चहा आणायला गेले होते. मी म्हटलं, "माय." तिनं डोळे उघडले. "काय वं?" मी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, मनगट नुसतं काडी झालं होतं. मी म्हटलं, "काही नाही. पानी देऊ?" ती म्हणाली, "दे." मी तिला दोन चमचे पाणी दिलं.

माझे यजमान गेल्यापासून मी बाबांजवळच राहते. घर आता पक्कं झालं, अंगणाला फरशी आली, कडुलिंब मात्र आहे. या उन्हाळ्यात शुभदा विहानला घेऊन आली. एका सकाळी तिला कारंज्याला जायचं होतं. विहान गाडीच्या खुर्चीत बसला आणि हट्टाला पेटला की पट्टा आईनं लावायचा नाही, मोठेबाबांनी लावायचा. मोठेबाबा म्हणजे माझे बाबा. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत गाडीपर्यंत आले. विहान दोन्ही पट्टे हातात धरून म्हणाला, "लावा ना." बाबांनी हात पुढे केले आणि अर्ध्यातच मागे घेतले. "नाई रे राजा. माह्या हातचं नोको. तुह्या मायले लावू दे." विहान म्हणाला, "का?" बाबा बाजूला सरले. शुभदानं पट्टा लावला, टक आवाज आला, गाडी निघून गेली. बाबा दारात उभे राहून धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "तिनं ओढून पाह्यला होता ना?"

मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. मी त्यांना ओसरीवर बसवलं. त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. आत्याचं, तिरडीचं, माझ्या हाताचं. न रडता, सरळ सांगितलं, वर्गात धडा वाचावा तसं, नाहीतर मधेच थांबले असते.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "शेपूट ओढलं होतं?"

"हो."

"एका हिसक्यात सुटली?"

"हो, बाबा."

"मंग बराबर होती," ते म्हणाले. आपल्याशीच. "गाठ बराबर होती." त्यांचे ओठ हलत राहिले. मला वाटलं आता हे मला मारतील, किंवा जवळ घेतील. दोन्ही केलं नाही. त्यांनी विचारलं, "तुह्या मायले सांगतलं होतं?"

मी मान हलवली.

"मंदे," ते म्हणाले, "थे तं गेली वं."

तेवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी ते माझ्या हातचं जेवले नाहीत. शुभदानं ताट केलं तेव्हा दोन घास खाल्ले. पाणी स्वतः उठून माठातून घेतलं. तिसऱ्या दिवशी शुभदा आणि विहान पुण्याला गेले, तेव्हाही बाबा माझ्याशी बोलत नव्हते. एवढी वर्षं मी त्यांना काय दिलं होतं, की आता तोंड वर करून बोलावं?

त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. ते अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ उभे होते. नायलॉनची ती दोरी, माय असताना हे पक्कं घर बांधलं तेव्हा त्यांनी भिंतीच्या हुकापासून कडुलिंबाच्या फांदीपर्यंत बांधली होती, आणि त्यांच्या हुकाजवळच्या गाठीवर मायची गाठ होती. दोन्ही गाठी मी रोज पाहत होते, ओले कपडे घालताना त्यांना माझा हात लागत होता. बाबा म्हणाले, "तिची सोड." मी म्हटलं, "तुमची?" "माही नाई. तिची."

उन्हापावसानं ती दगड झाली होती. नखं लागेनात. मी सुई आणली, मग पोती शिवायचा दाभण आणला. बाबा काठी टेकून शेजारी उभे होते, सावली सरकली तरी हलले नाहीत. कापून टाकू का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कापाची नाई." तासभर लागला असेल. शेवटी एक पदर हलला, मग दुसरा, आणि मायची गाठ माझ्या हातात मोकळी झाली. खाली बाबांची तेवढी उरली.

त्यांनी काठी भिंतीला लावली. दोन्ही हातांनी दोरी धरली, फरशीवर पाय रोवले आणि अंग मागे टाकून ओढली. मी धरायला धावले, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं. कडुलिंबाची फांदी वाकली. हुक करकरला. गाठ जागची हलली नाही. त्यांच्या तोंडून तो जुना आवाज निघाला, बारीक, अर्धवट.

"पाह्य वं," ते म्हणाले. "सरकली नाई."

ते माझ्याशी बोलत नव्हते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे पाहून बोलत होते. त्या जागेवर बसून माय दुपारची डाळ निवडायची.